दाणा कोणासाठी? : कडधान्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

कडधान्यांच्या गमती जमवायला फार लांब जावे लागत नाही. सोनार ज्या गुंजांनी पिढ्यान्‌पिढ्या सोने तोलत आले, त्या गुंजा जहाल विषारी आहेत. पायथागोरसच्या अनुयायांना बाकला वर्ज्य होता, असे प्राचीन ग्रीक लेखक लिहून गेले. न शिजलेल्या राजम्याचे चार-पाच दाणेसुद्धा धडधाकट माणसाला उलट्यांनी बेजार करू शकतात. शेवग्याला शेंगा लागतात खऱ्या, पण शेवगा या कुळातला नव्हे. उलट चिंच, बाभूळ, पळस, पांगारा, बहावा आणि लाजाळू ही सगळी हरभऱ्याची भावकी आहे.

अशा गोष्टींनी गप्पा रंगतात, पण त्या एकमेकींना धरून राहत नाहीत. त्यांना एकत्र धरणारा प्रश्न साधा आहे: दाणा असतो कोणासाठी? आपण खातो म्हणून तो आपल्यासाठी आहे, असे स्वयंपाकघरात वाटते. झाडाच्या हिशेबात तो आपल्यासाठी मुळीच नाही. कोवळ्या रोपाला पाने फुटून ते स्वतःचे अन्न स्वतः करू लागेपर्यंत पुरावी म्हणून बांधून दिलेली ती शिदोरी आहे. शिदोरी सकस हवी, टिकाऊ हवी आणि वाटेत कोणी पळवू नये अशी हवी. कडधान्यांचे बहुतेक गुण आणि बहुतेक खोड्या या तीन गरजांतून निघतात. भिजवणे, मोड आणणे, सोलणे, उकळणे, आंबवणे या आपल्या रीती म्हणजे दुसऱ्यासाठी बांधलेले अन्न आपल्या पोटाला मानवेल असे करून घेण्याचे उपाय. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाने हे एक सूत्र हाती धरले, तर पुढचा पसारा आटोपशीर वाटेल.

आधी व्याप्ती पाहू. शेंगधारी वनस्पतींचे कुळ, म्हणजे शिंबाकुल किंवा फॅबेसी, सुमारे २० हजार जातींचे आहे. सपुष्प वनस्पतींत सूर्यफुलाचे आणि ऑर्किडचे कुळ सोडले, तर एवढा विस्तार दुसऱ्या कोणाचा नाही. सह्याद्रीतल्या गारंबीच्या वेलीची हातभर लांब शेंग आणि मसुराची एक-दोन दाण्यांची इवलीशी शेंग या एकाच घरातल्या. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना कडधान्य म्हणते ते वाळवून खाल्ल्या जाणाऱ्या दाण्यांना. मुख्यतः तेलासाठी पिकणारे सोयाबीन आणि भुईमूग तिच्या यादीत नाहीत, आणि हिरव्या शेंगा भाजीपाल्यात मोजल्या जातात. आकडेवारीसाठी हे कुंपण सोयीचे आहे, पण अभ्यासकाने त्यात अडकून पडू नये. एकाच तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी होते, वाळल्या दाण्यांची डाळ होते आणि उरलेल्या तुराट्या चुलीत जातात.

नावांच्या बाबतीत सुरुवातीलाच एक सावधगिरी घ्यावी. घेवडा, पावटा, वाल ही नावे जिल्हा बदलला की वेगवेगळ्या शेंगांना लागतात. म्हणून कोणतीही नोंद करताना गावातले नाव जसेच्या तसे लिहावे आणि सोबत मूठभर दाणे ठेवावेत. शास्त्रीय नाव नंतरही घालता येते. दाणे हरवले तर मात्र नुसत्या नावावरून काही ठरत नाही.

मिसळीच्या उसळीत पडणारी कडधान्ये किती दूरदूरच्या प्रदेशांतून आली, हे पाहणे हा या विषयात शिरण्याचा एक चांगला रस्ता आहे. मूग, उडीद, मटकी, कुळीथ आणि तूर ही भारतीय उपखंडातली पिके. तुरीचे सर्वांत जवळचे रानटी भाऊबंद आजही ओडिशा-बस्तरच्या बाजूला सापडतात. चवळी आफ्रिकेतली. गोव्यात जिचे तोणाक होते, ते अळसांदे ही चवळीचीच एक थोराड जात. हरभरा, मसूर आणि वाटाणा पश्चिम आशियातून आले. हरभऱ्याचा रानटी पूर्वज आग्नेय तुर्कस्तानात वाढतो. राजमा मात्र अमेरिका खंडातला. तिथे तो मेक्सिकोच्या बाजूला आणि अँडीज पर्वतात असा दोन ठिकाणी स्वतंत्रपणे माणसाळवला गेला. आपला श्रावण घेवडा आणि साताऱ्याच्या कोरेगाव भागातला, भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा हे दोन्ही राजम्याच्याच जातीचे आहेत. श्रावणाच्या नावाने ओळखली जाणारी ही शेंग १४९२ पूर्वी आपल्याकडे कोणी पाहिलेली नव्हती.

आता पहिल्या गरजेकडे येऊ. शिदोरी सकस कशी होते? कडधान्यात साधारण २० ते २५ टक्के प्रथिने असतात. प्रथिनांना नायट्रोजन लागतो. हवेत तो भरपूर आहे, पण कोणत्याही वनस्पतीला तो थेट घेता येत नाही. शेंगवर्गीय झाडे जमीन सुधारतात हे शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. ते कसे घडते हे हेलरीगेल आणि विल्फार्थ या दोघा जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ ते १८८८ या काळात दाखवले आणि १८८८ मध्येच नेदरलँड्सच्या बायेरिंकने मुळांवरच्या गाठींतले जिवाणू वेगळे काढले. झाड त्यांना साखर देते, ते झाडाला नायट्रोजनचे वापरण्याजोगे संयुग देतात.

हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. फुलोऱ्याच्या सुमारास चवळीचे किंवा भुईमुगाचे एक रोप हिसका न देता मातीसकट खणून काढावे आणि मुळे बादलीभर पाण्यात हलकेच खळबळावीत. ओढून उपटले तर गाठी जमिनीतच राहतात. मुळांना चिकटलेल्या गाठींतली एखादी ठसठशीत गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी-लाल निघाली तर ती कामात आहे. हिरवट किंवा तपकिरी असेल तर तिचे काम संपले आहे. हा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या सख्ख्या नातलगाचा आहे, हे जपानच्या कुबो यांनी १९३९ मध्ये ओळखले. नायट्रोजन बांधणारे विकर ऑक्सिजनने निकामी होते, पण जिवाणूंना जगायला तर ऑक्सिजन हवाच. हे लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून ठेवते आणि लागेल तेवढाच सोडते. अमेरिकेतील इम्पॉसिबल फूड्स या कंपनीने २०१६ पासून विकलेल्या शाकाहारी बर्गरला मांसाचा रंग आणि चव येते ती सोयाबीनच्या याच द्रव्यामुळे. ते मात्र मुळांतून न काढता यीस्टकडून बनवून घेतले जाते.

तुरीची तऱ्हा आणखी निराळी. तांबड्या जमिनीत स्फुरद लोहाशी घट्ट बांधलेले असते आणि इतर पिकांना ते सहसा मिळत नाही. तुरीची मुळे पायसिडिक आम्ल सोडून ते मोकळे करतात, असे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेतीसंशोधन संस्थेतील संशोधकांनी १९९० मध्ये दाखवून दिले. ज्वारीच्या पाटात तुरीची ओळ घालण्याच्या जुन्या रीतीकडे या माहितीनंतर वेगळ्या आदराने पाहावे लागते. ताटातही हीच जोडी राहते. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी आणि मिथिओनिन पुरेसे, तर डाळीत नेमके उलट. वरण-भात काय किंवा पिठलं-भाकरी काय, एकाचे उणे दुसरा भरून काढतो.

दुसरी गरज टिकण्याची. वालाचा एक दाणा भिंगाखाली धरून पाहा. त्याच्या कडेला उठून दिसणारी पांढरी रेघ असते, तिथे दाणा शेंगेला जोडलेला होता. तिच्या एका टोकाशी सुईच्या अग्राएवढे छिद्र असते. रात्रभर भिजलेला दाणा पुसून चिमटीत दाबला की त्यातून पाण्याचा बारीक थेंब येतो, आणि पुढे मोड त्याच्याजवळूनच बाहेर पडतो. ती पांढरी रेघ, म्हणजे दाण्याच्या नाळेची खूण, फार चतुर आहे. १९५४ साली न्यूझीलंडच्या हाइड या शास्त्रज्ञाने या कुळातल्या काही टणक बियांत पाहिले, की या खुणेवरची बारीक भेग हवा कोरडी असताना उघडते आणि आतली ओल बाहेर जाऊ देते. हवा दमट झाली की ती मिटते. म्हणजे दाणा वाळत जातो, पण पुन्हा ओलावत नाही. मूग-मटकी भिजवल्यावर तळाशी जे दगडासारखे गणंग उरतात, त्यांचे रहस्य या पाणी न शिरू देणाऱ्या सालीत आहे. आपल्या दृष्टीने तो दाताखाली येणारा उपद्रव, पण रोपाच्या दृष्टीने शहाणपण. पहिल्या फसव्या पावसात सगळेच दाणे रुजले आणि पुढे ओढ दिली तर वंश बुडेल. काही दाणे मागे राहिले तर वाचेल.

वाळलेला दाणा माणसाच्या इतिहासाचाही साक्षीदार ठरतो. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या थरांत कुळीथ, मसूर, वाल अशा कडधान्यांचे जळून कोळसा झालेले दाणे मिळाले. कोळशाला बुरशी लागत नाही, म्हणून जे अन्न चुलीत सांडून करपले तेच तीन हजार वर्षे टिकले. पुरातत्त्वज्ञ अशी माती पाण्यात कालवतात. हलका कोळसा वर तरंगतो आणि तो चाळणीने टिपून घेता येतो.

टिकाऊपणाचा आणखी एक पुरावा सर्वांच्या परिचयाचा असून त्याविषयी कोणी मोकळेपणाने बोलत नाही. दाणा वाळताना आतल्या पेशींना इजा होऊ नये म्हणून झाड त्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा साठवते. त्या फोडणारे विकर आपल्या लहान आतड्यात नाही. त्यामुळे त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्यांवर ताव मारतात आणि पोटात वायू धरतो. मोड येताना रोप याच शर्करा वापरून टाकते, म्हणून मोड आलेली उसळ त्या मानाने हलकी. फोडणीतल्या हिंगाचे श्रेय कमी करण्याचा इथे हेतू नाही, पण अर्धे काम आदल्या दिवशी फडक्यात झालेले असते.

जुनी डाळ शिजत नाही, ही तक्रारही याच भागातली. उष्ण आणि दमट जागी फार दिवस साठवलेल्या दाण्यात पेशींना सांधणारे पेक्टिन सहजी सुटत नाही. पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम जास्त असेल, तर ते आणखी घट्ट होते. आंबटानेही तेच होते. डाळ शिजल्याशिवाय आमसूल किंवा चिंच घालू नये हा घरोघरीचा दंडक रसायनशास्त्राला पूर्णपणे मान्य आहे.

तिसरी गरज राखणीची, आणि इथे विषय खरा रंगतो. हरभऱ्याच्या झाडापासूनच सुरुवात करता येईल. त्याच्या पानांवरची लव मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरते. पहाटे दव पडले असताना शेतावर स्वच्छ धोतराचे फडके अलगद फिरवायचे, ओले झाले की भांड्यात पिळायचे, पुन्हा फिरवायचे. अशी जमवलेली आंब पोटदुखीवर आणि अजीर्णावर खेड्यापाड्यांत राखून ठेवलेली असे. झाड ही आंब करते ती मात्र आपल्या पोटासाठी नव्हे. पानांवर तोंड टाकणाऱ्या किडींना रोखण्यात तिचा वाटा असतो.

दाण्यातली राखण याहून कडक. राजम्यातले फायटोहिमॅग्लुटिनिन हे प्रथिन आतड्याच्या अस्तराला चिकटते. दाणे पाच-सहा तास भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात किमान १० मिनिटे खळखळ उकळले की ते निकामी होते. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात मात्र राजमा मऊ होऊनही विषारी राहू शकतो. आपल्याकडच्या प्रेशर कुकरने हा धोका नकळत टाळला. याच प्रथिनाने पुढे वैद्यकावर मोठा उपकार केला. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नोवेल रक्तातल्या तांबड्या पेशी गोळा करून बाजूला काढण्यासाठी ते वापरत होते. मागे राहिलेल्या पांढऱ्या पेशी विभागू लागल्याचे त्यांना दिसले. तोवर या पेशींचे विभाजन आता होत नाही असे मानले जाई. त्यानंतर रक्ताच्या थोड्याशा नमुन्यावरून माणसाची गुणसूत्रे तपासणे सोपे झाले.

इतर दाण्यांतल्या द्रव्यांनीही विज्ञानाला असाच हात दिला. कोकणातल्या अबईची अमेरिकन बहीण म्हणजे जॅक बीन. तिच्या पिठातून कॉर्नेल विद्यापीठाच्या जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये युरिएज हे विकर स्फटिकरूपात काढले आणि विकरे ही प्रथिने असतात हे दाखवले. त्यांचे म्हणणे पटायला जगाला वेळ लागला, पण १९४६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. बाकल्याच्या शेंगांतून बाझलच्या मार्कुस गुगेनहाइम यांनी १९१३ मध्ये एल-डोपा काढले, स्वतः अडीच ग्रॅम गिळून पाहिले आणि सडकून उलट्या केल्या. अर्ध्या शतकानंतर तेच द्रव्य कंपवाताचे मुख्य औषध ठरले. आपल्याकडच्या खाजकुइलीच्या बियांतही ते भरपूर असते. मद्रासमधील दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये ते वेगळे केले होते.

या राखणीची काळी बाजूही अभ्यासकाने विसरू नये. लाखोळी, म्हणजे लाख, पाण्याच्या ओढीतही तग धरते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडे उभ्या भातात तिचे बी फेकले की वेगळी मशागत न करता पीक येते. तिच्या दाण्यात ओडॅप हे मज्जातंतूंना घातक द्रव्य असते. इतर अन्नासोबत थोडी खाल्ली तर सहसा बाधत नाही. दुष्काळात मात्र महिनोन्‌महिने तीच पोटात गेली की पायांतले बळ कायमचे जाऊ शकते. १८११-१२ च्या माद्रिदमधील उपासमारीवर चित्रकार गोया यांनी केलेल्या एका मुद्राचित्रात लाखेची लापशी खाणारी माणसे आणि जमिनीवर आडवी पडलेली बाई दिसते. भारतात १९६१ मध्ये लाखेच्या विक्रीवर बंदी आली. प्रश्न नुसत्या डाळीचा नव्हता. दुसरे काहीच खायला न मिळणाऱ्या माणसाचा होता.

शिदोरी उघडण्याच्या आपल्या उपायांत मोड आणण्याचे स्थान पहिले. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कूत येथे डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असा वेढा पडला. आत अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. भाजीपाला संपला आणि हिंदी शिपायांत स्कर्व्ही पसरला. त्याच सुमारास लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी गिनीपिगांवर प्रयोग करून दाखवत होत्या, की कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही रोखण्याची शक्ती नाही, पण तेच भिजवून त्याला मोड आणले की ती येते. पुढे सर्बियन सैनिकांवर मोड आलेल्या घेवड्याच्या दाण्यांचा यशस्वी उपचारही झाला. कारण असे की रुजताना रोप नव्याने क जीवनसत्त्व तयार करू लागते. मटकीच्या मोडांची सवय असलेल्या मुलखातली माणसे स्कर्व्हीने खचली आणि मोडांचे मोल युरोपातल्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले, हा या शास्त्राच्या इतिहासातला बोचरा योग आहे.

आनुवंशिकतेचे शास्त्रही वाटाण्याच्या दाण्यांनी उभे केले. मेंडेलने १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधातला सुरकुतलेला वाटाणा सर्वांनी शाळेत वाचलेला असतो. तो सुरकुततो का, हे शाळेत कोणी सांगत नाही. त्यात स्टार्चला फांद्या फोडणारे एक विकर बिघडलेले असते. मग स्टार्च कमी होतो, साखर उरते, साखरेपायी पाणी जास्त शिरते, आणि वाळताना ते निघून गेले की साल सैल पडते. ही जनुकातली मेख इंग्लंडच्या नॉर्विच येथे १९९० मध्ये उलगडली. डेन्मार्कच्या योहान्सेनने नुसते घेवड्याचे दाणे तोलून १९०३ मध्ये दाखवले, की एकाच शुद्ध वाणातले जड दाणे निवडून पेरले तरी पुढची पिढी जड होत नाही. आनुवंशिक गुण वेगळा आणि परिस्थितीने आलेला फरक वेगळा, हा भेद त्यातून स्पष्ट झाला.

इतक्या थोर परंपरेपुढे नवख्याने बिचकू नये. या क्षेत्रातले पुष्कळ काम अजून गावोगावी पडून आहे. रायगडात भातकापणीनंतरच्या ओलीवर येणाऱ्या कडव्या वालाचे किती प्रकार घराघरांत राखलेले आहेत, बियाण्याला कुठे राख चोळतात आणि कुठे एरंडेल, शेंगा भाजण्याच्या पोपटीच्या मडक्यात भांबुर्ड्याचाच पाला का घालतात, कोणत्या गावच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, कोणत्या वाणाच्या मटकीत गणंग जास्त निघतात: या प्रश्नांना उपकरणे लागत नाहीत, नोंदीची शिस्त लागते. वाणाचे स्थानिक नाव, गाव, पेरणीचा हंगाम, किती दिवस आणि कशात साठवले, कोणत्या पाण्यात भिजवले वा शिजवले, एवढे रकाने आखावेत आणि प्रत्येक नोंदीला दाण्यांची पुडी जोडावी. एखादी रीत विचित्र वाटली तर ती अंधश्रद्धा म्हणून सोडू नये आणि पूर्वजांचे विज्ञान म्हणून डोक्यावरही घेऊ नये. आधी दाण्याच्या बाजूने विचारावे, की या गुणाचा रोपाला काय उपयोग? मग चुलीपाशी बसणाऱ्या माणसाच्या बाजूने विचारावे, की त्यावर इथे काय तोड काढली? दोन्ही उत्तरे जुळली तर ती रीत समजली. जुळली नाहीत तर तिथून तुमचे संशोधन सुरू होते.